आकडा बोटाचा, दुखणे पायाचे

बदलापूर स्थानकाच्या पादचारी पुलावर संध्याकाळच्या गर्दीत एक माणूस हमखास दिसतो. जिन्याच्या मधल्या वळणावर तो कठड्याला टेकतो, खिशातून मोबाइल काढतो, त्यावर उगाच दोन-चार वेळा बोट फिरवतो आणि मिनिटभराने पुढे निघतो. मेसेज वगैरे काही आलेला नसतो. त्याच्या पोटऱ्या भरून आलेल्या असतात. थांबले की दुखणे ओसरते, चालायला लागले की पुन्हा तेच. जर्मन भाषेत या दुखण्याला ‘दुकानांच्या काचा पाहणाऱ्यांचा आजार’ असे नाव आहे, कारण तिकडचा रुग्ण चारचौघांत लाज नको म्हणून दुकानासमोर थांबतो आणि आतला माल न्याहाळण्याचे सोंग करतो. आपल्याकडे ते काम मोबाइलने अंगावर घेतले आहे.

हाच माणूस कधीतरी दवाखान्यात जातो. पन्नाशी उलटलेली, दहा-बारा वर्षांची शुगर, तंबाखू ‘थोडीशीच’. खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या बोटाला चिमटा लागतो. लाल उजेड, दोन-चार सेकंद, आकडा ९८. ‘ऑक्सिजन फर्स्ट क्लास आहे हं काका!’ काका खूश. रक्तदाब होतो, गोळ्यांची चिठ्ठी होते, आणि पायातला बूट पायातच राहतो.

तक्रार आहे ती या बुटाबद्दल. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकमेकांना चिकटलेल्या तीन शहरांत घरटी नाही तरी मजल्यागणिक एक ऑक्सिमीटर सापडेल. पण ज्या अवयवाला प्राणवायू सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी पोहोचतो, तो पाऊल नावाचा अवयव तपासणीच्या टेबलावर येतच नाही. येतो तेव्हा बहुधा काळा पडलेला असतो.

ऑक्सिमीटरला घरात आणले करोनाने. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि तापमान मोजणारी बंदूक व बोटाचा चिमटा घेऊन पथके दारोदार फिरू लागली. ९५च्या खाली आकडा गेला की घरात धावपळ. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा आकडा पाहायचा सल्ला आला आणि वन बीएचकेतल्या हॉलमध्ये सोफा ते बाल्कनी अशा फेऱ्या सुरू झाल्या. या चिमट्यांच्या किमती इतक्या बेताल झाल्या, की जुलै २०२१मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाला त्यांच्या विक्रीतील नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. साथ सरली. चिमटा टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये राहिला, आणि ‘ऑक्सिजन बघितला, चांगला आहे’ हे वाक्य बोलण्यात राहिले.

ज्याच्या डोक्यातून हे यंत्र निघाले, तो जपानी अभियंता ताकुओ आओयागी. टोकियोतील निहोन कोडेन कंपनीत १९७२च्या सुमारास तो वेगळ्याच गोष्टीच्या मागे होता. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते, हे कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून मोजायचे होते. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मोजमाप हलत होते. हा व्यत्यय घालवण्याच्या खटपटीत त्याच्या लक्षात आले, की जे हलते आहे ते रोहिणीतले, म्हणजे हृदयाकडून ताजे आलेले रक्त. मांस, हाड, कातडी हलत नाहीत. म्हणजे हलणारा तेवढाच भाग वेगळा काढला, की त्या रक्ताचा रंग कळतो. आजच्या चिमट्यात दोन दिवे असतात, एक ६६० नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते आणि दुसरा जास्त, रिकाम्याचे उलटे. दोन्हींचे गुणोत्तर काढले की टक्केवारी आली. ज्याला मूळ मोजमापातला कचरा म्हणून टाकून द्यायचे होते, त्यातूनच हे यंत्र जन्मले. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी वारला. जगभर त्याच्या चिमट्यांसाठी झुंबड उडाली होती, तो हाच महिना.

यंत्र गुणी आहे, यात शंका नाही. त्याच्या मर्यादाही छापील आहेत, पण त्या डब्यातल्या घडीच्या कागदावर, आणि तो कागद कोण उलगडतो? गार बोट, नेलपॉलिश, थरथरणारा हात यांनी आकडा चुकतो. डिसेंबर २०२०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने मिशिगनच्या डॉक्टरांचे एक पत्र छापले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रोहिणीतील रक्त प्रत्यक्ष तपासले, तर ते ८८च्या खाली निघण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. कातडीतले रंगद्रव्य प्रकाश खाते. सावळ्या माणसांच्या देशात या पत्रावर घरोघर चर्चा व्हायला हवी होती. आपण चर्चा केली ती चिमटा कुठल्या ऑनलाइन सेलमध्ये स्वस्त मिळतो याची.

या पट्ट्याला तर आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. नोव्हेंबर २०१४मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना मळमळ, डोळ्यांची आग आणि घुसमट यांमुळे रात्रीत रुग्णालये गाठावी लागली. ३ जून २०२१च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, तेव्हाही लोक श्वास लागून घराबाहेर पडले. अशा वेळी बोटाला चिमटा लावून ‘९७ आहे, काही नाही’ म्हणणे धोक्याचे. दोन दिव्यांच्या यंत्राला दोनच प्रकारचे हिमोग्लोबिन ओळखता येते. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेले वाटते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ दाखवू शकते. रंग आणि औषधांच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅनिलीनसारख्या रसायनाची बाधा झाली, तर रक्त चॉकलेटी होते आणि आकडा ८५च्या आसपास अडकून बसतो. खरी स्थिती त्याहून बरी असो की वाईट.

हे सगळे झाले यंत्र चुकण्याबद्दल. पायाच्या बाबतीत यंत्र चुकतच नाही, आणि तरीही फसवते.

कर्जतमार्गाच्या प्रवाशाला हे लोकलच्या भाषेत पटकन कळेल. ऑक्सिमीटर सांगतो तो डबा किती भरला आहे एवढेच. शंभर जागांपैकी ९८ जागांवर प्रवासी बसलेत, उत्तम. पण ती गाडी स्थानकात दिवसातून किती वेळा येते, मध्ये कुठे रूळ खचलाय का, फलाटावर प्रत्यक्ष किती माणसे उतरली, यातले काही तो सांगत नाही. मधुमेहाने आणि तंबाखूने पायाच्या रोहिण्या आतून चोंदत जातात. रक्त भरलेलेच असते, पण ते थेंबाथेंबाने पोहोचते. कुणी म्हणेल, चिमटा पायाच्या अंगठ्याला लावू. लावावा, नाडी अगदीच क्षीण असेल तर आकडा येणारच नाही, आणि आला तरी तो डब्याच्या गर्दीचाच असेल.

प्राणवायू असणे आणि तो पोहोचणे यांतले अंतर महाराष्ट्राने २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकला पाहिले आहे. महापालिकेच्या रुग्णालयाच्या आवारात टाकी होती, तिच्यात प्राणवायू होता. गळती झाली, नळीतला दाब गेला आणि खाटांवरचे २२ रुग्ण दगावले. पायात हेच घडते, पण वर्षानुवर्षे, आवाज न करता.

फलाटावर किती माणसे उतरली, हे मोजण्याची रीत आहे, आणि ती कातडीवरूनच मोजते. कातडी थोडाफार प्राणवायू बाहेर सोडते, पण साध्या तापमानाला तो इतका नगण्य असतो, की मोजायला गेले तर हाती जवळपास शून्य येते. १९५१मध्ये अमेरिकेत बॉमबर्गर आणि गुडफ्रेंड या दोघांनी माणसाचे बोट ४५ अंश सेल्सियसच्या गरम द्रावणात बुडवले आणि त्या द्रावणातला प्राणवायू मोजला. उष्णतेने कातडीखालच्या केशवाहिन्या उघडल्या आणि द्रावणातला दाब रक्तातल्या दाबाच्या जवळ गेला. पुढे १९५६मध्ये लेलँड क्लार्क याने पातळ पडद्याआडचा प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड आणला आणि १९७०च्या दशकात जर्मनीतील मार्बुर्ग येथे ल्युबर्स आणि रेनाटे व आल्बर्ट हुख यांनी तो तापवून नवजात बाळांच्या छातीवर चिकटवला. दर तासाला टाचेत सुई टोचण्यातून बाळे बऱ्याच अंशी सुटली. मग हेच यंत्र मोठ्या माणसांच्या पावलांकडे वळले.

तपासणी पाहायला कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती बारकाईने पाहावी. रुग्ण आडवा. पावलाच्या वरच्या बाजूला, जखमेपासून थोड्या अंतरावर, जागा पुसून प्लास्टिकचे छोटे कडे चिकटवतात. कड्यात द्रावाचे दोन-तीन थेंब. त्यावर रुपयाच्या नाण्याएवढा इलेक्ट्रोड फिरवून बसवतात. दुसरा इलेक्ट्रोड गळ्याच्या हाडाखाली, छातीवर, तुलनेसाठी. सुरुवातीला पडद्यावर हवेचा आकडा असतो, दीडशेच्या आसपास. मग तो धडाधड उतरतो, कारण आता आत फक्त कातडी आहे. इलेक्ट्रोड ४४ अंशांवर तापतो, कातडी लाल होते, वाहिन्या उघडतात आणि आकडा सावकाश वर चढू लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी तो एका जागी ठरतो. पारा मिलिमीटरमध्ये मोजलेला हा आकडा ६० किंवा त्याहून जास्त असला तर रक्तपुरवठ्याची काळजी नाही. ३०च्या खाली असला तर जखम नुसत्या ड्रेसिंगने भरण्याची आशा धरू नये. रक्तवाहिन्यांच्या सर्जनने आधी रक्ताची वाट मोकळी करावी. अमेरिकेतील रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनेने २०१४मध्ये आखलेल्या वर्गवारीत ३०च्या खालचा पाय सर्वांत वाईट श्रेणीत बसतो. पाय कापायचीच वेळ आली, तर कुठून कापला तर जखम भरेल, हे ठरवायलाही हाच आकडा मदत करतो. आणि हे मोजमाप प्रकाशाचे नाही, रासायनिक आहे, त्यामुळे कातडी गोरी की सावळी याने फरक पडत नाही.

मर्यादा इथेही आहेतच. तळव्याच्या जाड कातडीवर हे चालत नाही, घट्ट्यावर नाही, सुजलेल्या पायावर आकडा खोटा कमी येतो. पडदे आणि द्राव वेळच्या वेळी बदलावे लागतात. सरकारी रुग्णालयात असे नाजूक यंत्र आले, की उद्घाटनाचा हार वाळायच्या आत त्याचा पडदा संपतो आणि ते कपाटावर जाऊन बसते, हा अनुभव कुणाला नवा नाही. तेव्हा तिन्ही शहरांच्या प्रत्येक दवाखान्याला हे यंत्र द्या, अशी मागणी करणे म्हणजे कपाटांची सोय करणे. मागणी इतकीच असावी: तीन शहरांत मिळून एक यंत्र, ते उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, जिथे कर्जत-मुरबाडकडचा रुग्णही येतो, आणि त्याबरोबर ते चालवणारा एक प्रशिक्षित माणूस, ज्याची बदली झाल्यावर दुसरा येईल.

बाकी काम यंत्राआधीचे आहे आणि ते स्वस्त आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या पाहणीचा निष्कर्ष जून २०२३मध्ये प्रसिद्ध झाला, तिने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख सांगितली. मधुमेह्याला आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असते, असे २०१७चा एक बहुचर्चित आढावा सांगतो. आता हे गणित कर्जतमार्गावर ठेवून पाहा. बदलापूर ते मुंबई ६८ किलोमीटर, तेही अनेकदा उभ्याने. कॅम्प पाचच्या जीन्सच्या गाळ्यांत, दुकानांच्या काउंटरमागे, आनंदनगरच्या कारखान्यांत दिवस उभ्यानेच जातो. पायाला काही लागले तर बधिरपणामुळे कळत नाही. चप्पल कधी निसटली तेही कळत नाही. पावसाळ्यात उल्हास नदी चढली आणि साचलेल्या पाण्यातून घर गाठायचे झाले, तर मोज्यातल्या ओल्या पायाची काय अवस्था होते, हे पायाचा मालकच शेवटी पाहतो. अनेकदा तोही नाही, घरातली बाई वासावरून ओळखते.

बधिर पाय कसा सांभाळायचा, हे भारताला शिकवले कुष्ठरोग्यांनी. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत; दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय झिजवतो. त्यातून मऊ रबराच्या खास चपला आल्या आणि रोज रात्री तळवे पाहण्याची शिस्त आली. त्यासाठी लांब जायलाही नको. कल्याणच्या पत्रीपुलाजवळच्या हनुमाननगर वसाहतीत कुष्ठरुग्णांसाठी वर्षानुवर्षे काम करणारे माजी नौसैनिक गजानन माने यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. कुष्ठरोग्याच्या पायाला मिळालेली ही शिस्त शेजारच्या मधुमेह्यापर्यंत पोहोचलेली नाही, कारण त्याला आपला आजार ‘साधा’ वाटतो.

तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब मोजण्याचा कार्यक्रम सरकारचाच आहे. ‘आपला दवाखाना’ आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. त्या टेबलावर एक ओळ वाढवावी: बूट-मोजे काढले का? पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे दोन बोटे ठेवून नाडी लागते का? पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाला डोळे मिटून हलका स्पर्श कळतो का? ही शेवटची चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केली. तिला सुईसुद्धा लागत नाही. सगळे मिळून तीन मिनिटे. यावर ठरलेले उत्तर असते, ‘ओपीडीत दीडशे पेशंट असतात, बूट कुणाकुणाचे काढणार?’ उत्तरात तथ्य आहे. पण बूट रांगेत उभ्या असलेल्या माणसाने स्वतः काढायचे असतात, आणि नाडी पाहायला परिचारिका शिकू शकते. डॉक्टरकडे जायचे ते ज्यांची नाडी लागली नाही त्यांनी.

इथे राजकारण्यांनाही एक शब्द. जयपूर फूट वाटपाची शिबिरे या भागात उत्साहाने होतात, आणि ती व्हावीतच, डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८च्या सुमारास घडवलेला तो पाय लाखोंना उभे करून गेला. पण व्यासपीठावर कृत्रिम पाय देतानाचा फोटो जसा निघतो, तसा कुणाच्या पायातला मोजा उतरवतानाचा निघत नाही. शासकीय आरोग्य योजनांचा भरही दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर. पाय कापायचा झाला तर कागद फिरतात. तो वाचवण्यासाठी आठवड्याला तीनदा ड्रेसिंगला यायचे, तर त्या दिवसांची मजुरी कुणी द्यायची, हा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

नाडी बोटांना लागली नाही, की पुढची पायरी हातात धरायचा डॉपलर. पेनाएवढी दांडी, टोकाला थोडे जेल, आणि एक स्पीकर. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर यानेच काढतात, ०.९च्या खाली आले की पायाच्या रोहिण्यांत अडथळा आहे असे धरतात. मधुमेह्यांत रोहिण्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक झाल्या तर हे गुणोत्तर खोटे चांगले येते, आणि मग अंगठ्याचा दाब किंवा तापवलेला इलेक्ट्रोड यांची गरज पडते. पण डॉपलरचे खरे मोल वेगळे आहे. ते रुग्णाला ऐकू येते. साखरेचा आकडा तो दहा वर्षे ऐकत आलेला असतो आणि तितकीच वर्षे टाळत आलेला असतो. निरोगी रोहिणीचा आवाज ठसठशीत, दोन-तीन टप्प्यांचा. चोंदलेलीचा लांबट, मऊ, एकच फुसकारा. डाव्या पायावर दांडी ठेवली की खोलीत आवाज घुमतो. मग ती उजव्या पायावर जाते, थोडी सरकते, पुन्हा सरकते. काका मान उचलून विचारतात, ‘मशीन बंद पडलं का?’